वाघबारस, मुक्काम मुंबई

२५ ऑक्टोबर १९५३, रविवार

हेडमास्तरांचं पत्र आलं. दिवाळीच्या सुट्टीत पत्नीला घेऊन मुंबई पाहायला या, असं बोलावणं आहे. सोबत एक सूचना : प्रवासाची दैनंदिनी ठेव, शुद्ध मराठीत, म्हणजे पुढे शाळेत मुलांना वाचून दाखवता येईल. म्हणून ही वही आजपासूनच सुरू केली.

हेडमास्तर आमचे जव्हारच्या शाळेतले. संस्थान विलीन झालं त्या साली निवृत्त झाले आणि गिरगावात मुलाच्या बिऱ्हाडी राहायला गेले. आज मी खोडाळ्यापलीकडच्या पाड्यावर का होईना, गुरुजी म्हणून उभा आहे तो त्यांच्यामुळे. माझं नाव नवसू होतं. आईने वाघोबाला नवस बोलून मला मागून घेतलं, म्हणून नवसू. हेडमास्तरांनी दाखल्यावर त्याचं नवनाथ केलं. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालो तेव्हा त्यांनी आपल्या अंगातला काळा कोट मला दिला. तो मी जपून वापरतो.

पत्र बायकोला, सुकीला, वाचून दाखवलं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मना नाय यायाचा. बारशीला मना अठंच ऱ्हायाचा हाय."

म्हणजे वाघबारस. दिवाळीच्या तोंडावर रानात जायचं, शेंदूर थापलेल्या वाघोबापुढे नारळ फोडायचा, कोंबडं कापायचं आणि उरलेला दिवस दारू पिऊन लोळायचं. मला त्या सगळ्याची शिसारी येते. त्या रक्ताच्या वासाचीही आणि तिथे बसणाऱ्या माश्यांचीही. सुकीने यंदा नवस बोलला आहे म्हणे, आणि तो बारशीलाच, नवराबायकोने जोडीने उभं राहून फेडायचा आहे. कशासाठी बोलली ते विचारायची गरज नव्हती. आमची दोन मुलं झाली आणि गेली. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

"मी नवस मानत नाही," म्हटलं. "पोरांना शिकवू काय आणि स्वतः करू काय?"

ती उठून गेली.

२८ ऑक्टोबर

दोन दिवस घरात शब्द नाही. आज सकाळी मी पत्रातली स्थळं पुन्हा मोठ्याने वाचत होतो. हँगिंग गार्डन, मत्स्यालय, राणीची बाग. बागेत हत्ती, सिंह, वाघ.

सुकी नागली कांडत होती. मुसळ हातातच राहिलं.

"वाघ? जिता?"

"जिवंत. पिंजऱ्यात असतो. कुणालाही दिसतो."

"बारशीच्या दिशी पन?"

"त्याला काय सुट्टी असते? रोज असतो."

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मंग येते. पन बारशीला तठंच न्या."

शेवटी बाईमाणूस, जनावरं पाहायची हौस. तरीपण मला बरं वाटलं. एवढी वर्षं डोकं फोडलं त्याचा थोडा तरी उपयोग झाला म्हणायचा.

१ नोव्हेंबर

खोडाळ्याहून लाकडं भरलेल्या ट्रकवर बसून कसाऱ्याला आलो. वर लाकडं, खाली धूर, मध्ये आम्ही. कोटावर धुळीचा थर. सुकीला वाटेत सारख्या ओकाऱ्या. इंजिनाच्या तेलाचा वास तिला सोसवत नाही. हल्ली तिला कशाचाच वास सोसत नाही, परवा तर भाताच्या पेजेचाही सोसला नाही. नाक वरच्या लोकांचं आणि राहणं पाड्यावर.

तिच्या गाठोड्यात नारळ, शेंदराची पुडी, नागलीचं पीठ आणि आमच्या परसातल्या दोन काकड्या निघाल्या. मुंबईला काकड्या नेणारी बाई मी प्रथमच पाहिली. लाज वाटली, पण टाकून देऊ म्हटलं तर गाठोडं छातीशी धरून बसली.

२ नोव्हेंबर, मुंबई

शी!

हेडमास्तर म्हणाले होते, पहिली छाप लिहून ठेव. ही पहिली छाप.

इथे माणसं जिथे उभी राहतात तिथेच थुंकतात. भिंती पानाच्या पिंकांनी रंगलेल्या. गटाराला कडेने वाहायची लाज नाही, ते रस्त्याच्या मधून वाहतं, आणि त्याच्याच काठावर बसून एकजण शेव तळतो आणि लोक ती कागदात घेऊन मिटक्या मारतात. हेडमास्तरांच्या चाळीत मजल्याच्या टोकाला संडास आहेत. त्यांच्याविषयी शुद्ध मराठीत लिहिता येत नाही. आमच्याकडे माणूस रानात जातो, वारा असतो, ऊन असतं. इथे डबा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढच्याने नमस्कार केला तर आपणही करायचा.

पाण्याला लोखंडाची चव. दुधाला चव नाही. चहा मात्र गोड, आणि तोसुद्धा इतका की जिभेला चिकटतो.

हेडमास्तरांना पाहून भरून आलं. थकले आहेत. त्यांच्या पत्नीला, काकूंना, मी सुकीचं नाव सुमती म्हणून सांगितलं. काकू "सुमती, सुमती" म्हणून हाका मारत राहिल्या आणि ही आपली भिंतीकडे पाहत बसलेली. शेवटी मी डोळे वटारले तेव्हा उठली.

जेवताना काकूंनी काकडीची कोशिंबीर वाढली. सुकीने पान सरकवलं.

"बारशीच्या आदी नवी काकडी मी खात नाय. आदी त्याला दाखवायची."

"कोणाला गं?" काकूंनी विचारलं.

"पित्त आहे तिला," मी मध्येच म्हणालो.

तेवढ्यात ती खरंच तोंड दाबून मोरीकडे धावली. काकू तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. त्यांनाही किळस आली असणार.

३ नोव्हेंबर, वाघबारस

राणीची बाग पाहिली. झाडं चांगली आहेत. झाडांविषयी लिहायला हवं, पण मन लागत नाही.

वाघाच्या पिंजऱ्यापाशी ही गर्दी. लोक शेंगा खात होते आणि टरफलं एकमेकांच्या पायांवर टाकत होते. वाघाच्या अंगाचा वास आधी येतो, मग वाघ दिसतो. मुताचा, शिळ्या मांसाचा, डोळ्यांतून पाणी काढणारा वास. सुकी गर्दीतून वाट काढत थेट कठड्याला जाऊन भिडली. वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता.

"त्याला कोंडला कोणी?" तिने विचारलं.

"सरकारने."

"देवाला?"

पुढे तिने काय करावं? गाठोडं सोडलं. कठड्याला शेंदराचं बोट लावलं, नागलीच्या पिठाची चिमूट ठेवली, दोन्ही काकड्या मांडल्या आणि फाडकन नारळ फोडला. लोक हसायला लागले. "अरे, आरती म्हणा कुणीतरी!" असं एक शिष्ट ओरडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी अस्वलाचा पिंजरा होता, मी तिकडे सरकलो. पिंजऱ्यावर पाटी होती, ती वाचायला लागलो.

सुकीने वळून पाहिलं. मोठ्याने म्हणाली, "अवं, या ना. जोडीनं हुबं ऱ्हायाचा हाय."

मग खाकी कपड्यातला रखवालदार आला. "ये बाई किसके साथ है?" असं त्याने सगळ्यांना विचारलं. तो सभ्यपणे विचारत होता, हे मान्य केलं पाहिजे.

मी त्या वेळी अस्वलाची पाटी वाचत होतो. पाटी मोठी होती.

"कोनी नाय," सुकी त्याला म्हणाली. तिने काकड्या उचलल्या आणि निघाली. फाटकापर्यंत मी तिच्या मागे थोडं अंतर ठेवून चाललो. गर्दीच तशी होती.

४ नोव्हेंबर

मत्स्यालय पाहिलं. रंगीत मासे काचेच्या पेट्यांत तोंडं उघडझाप करतात आणि माणसं बाहेरून तशीच तोंडं करतात. समुद्र पाहिला. इतकी वर्षं भूगोलात समुद्र शिकवला, अथांग म्हणून शिकवला. काठाला नासकी फुलं, फुटके माठ आणि एक मेलेलं कुत्रं. वाळूत लोक सकाळचे विधी उरकून गेलेले, आणि संध्याकाळी त्याच वाळूत चटया टाकून बायकामुलं बसलेली. पुढच्या वर्षी अथांग हा शब्द गाळणार.

टेकडीवरच्या बागेत झुडपं कातरून त्यांचे हत्ती आणि जिराफ केले आहेत. झाडाला झाड राहू द्यायला या लोकांचं काय जातं?

सुकी सोबत असते, पण बघत काहीच नाही. खाल्लेलं टिकत नाही. आता खातच नाही. माझ्याशी बोलत नाही. मी तिला म्हटलं, की रखवालदार आला तेव्हा मी पाटी वाचत होतो, मला ऐकू आलं नाही.

"हां," म्हणाली.

त्या 'हां'चा मला राग आला. हिच्यापायी चारचौघांत शोभा झाली ती माझी, आणि तोंड फुगवून बसली ही. काकड्या अजून गाठोड्यात आहेत. पिवळ्या पडल्यात.

६ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अक्षर नीट येत नाही.

संध्याकाळी काकूंनी मला गॅलरीत बोलावलं. "नवनाथ, तुम्ही मास्तर ना? की तुमच्या शाळेत हा विषय नसतो? बायकोला दिवस गेलेत. तिसरा सरून चौथा लागला असेल. ती तिकडे उपाशी पडलीय आणि तुम्ही मासे बघत हिंडताय?"

ट्रकचं तेल म्हणालो, पेज म्हणालो. काकूंनी कपाळावर हात मारला.

सुकी आत पोतं टाकून पडली होती. मी जवळ बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"दोन डाव सांगितला. दोनी डाव गेला." ती छताकडे बघत बोलत होती. "या डावाला म्हटला, आदी वाघोबाला सांगू, मंग तुमाला. बोलली होती त्याला, ह्या पोराला सांभाळ, बारशीला जोडीनं येऊन तुजा नवस फेडू. तुमी नवस मानीत नाय. मना वाटला, वाघ बघाया तरी संगती हुबं ऱ्हाल."

"मग तू उभी राहिलीसच ना?"

"एकली. त्यानं तोंड फिरवला. बघितला नाय मना." आणि मग हळूच, "आता हा पन जाईल."

दिव्यांची रांग गॅलरीत लागली होती, खाली फटाक्यांचा धूर, लोक एकमेकांना पेढे देत होते. मला सगळ्याचा वीट आला होता. नवसाचाही आणि नवनाथचाही. वाघ झोपेत असतो तेव्हा तोंड कुठेतरी असणारच, हे मला कळतं. पण ते तिला सांगायला माझं तोंड वर होईना. ती पाटी मी इतका वेळ वाचली, आणि तिच्यावर काय लिहिलं होतं म्हणाल तर अस्वलाखेरीज एक अक्षर आठवत नाही.

"उद्या पुन्हा जाऊ," म्हटलं.

"बारस गेली."

"अर्जाला उशीर झाला तरी वरचे लोक घेतात. मी स्वतः किती पाठवलेत."

ती हसली नाही. पण रात्री काकूंच्या हातचा वरणभात खाल्ला.

७ नोव्हेंबर, पाडवा

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो. शाळेत वाचून दाखवण्याचा प्रश्न आता उरलेला नाही.

हेडमास्तर म्हणाले, सणाचा दिवस आहे, कोट घाल. घातला. काकूंकडून नवा नारळ घेतला. सणाची सुट्टी म्हणून बागेत पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी. वास तोच, उन्हाने आणखी पिकलेला. मी नाकाला रुमाल लावला होता, कठड्यापाशी आल्यावर काढला. सुकीने शेंदूर लावला, पीठ ठेवलं, त्या सुकलेल्या पिवळ्या काकड्या मांडल्या. मी तिच्या उजव्या हाताला उभा राहिलो. नारळ आमच्या दोघांच्या हाताने फुटला, आणि पाणी एका जाड्या गृहस्थाच्या धोतरावर उडालं. तो खवळला. लोक हसले. माझे कान तापले, पाय मात्र हलले नाहीत, कारण सुकीने माझ्या कोटाची बाही मुठीत धरली होती.

तोच रखवालदार आला. "फिर से? ये बाई किसके साथ है?"

"माझ्याबरोबर. माझी बायको आहे."

"यहाँ ये सब मना है. साहब को बताना पड़ेगा. नाम बोलो."

"नवसू," म्हटलं.

का म्हटलं ते माहीत नाही. तेरा-चौदा वर्षांत हे नाव माझ्या तोंडून गेलं नव्हतं. सुकीने चमकून माझ्याकडे पाहिलं. ती नवऱ्याचं नाव घेत नाही, पण ऐकायला तिला कुणाची बंदी नाही.

इतक्यात वाघ उठला. आळस दिला, गजांपर्यंत चालत आला आणि आमच्याकडे पिवळ्या डोळ्यांनी पाहिलं. सुकीची मूठ आवळली. मग त्याने सावकाश पाठ फिरवली. मी मनात म्हटलं, मेलो, झालं पुन्हा तेच. त्याने शेपूट वर केली.

पुढचं शुद्ध मराठीत असं : वाघाने आमच्यावर मूत्रविसर्जन केलं. साध्या मराठीत, मुतला. पिचकारी मारावी तसा, गजांतून, माझ्या छातीपासून सुकीच्या खांद्यापर्यंत. ऊन ऊन. तोंडात गेलं नाही एवढंच माझं नशीब, आणि त्याचीही मला पूर्ण खात्री नाही. लोक किंचाळत पांगले. जाडा गृहस्थ सगळ्यांत पुढे. रखवालदार पोट धरून खालीच बसला, नाव लिहायचं राहून गेलं.

मी कठड्याला धरून ओकलो. आता या घरात दोघंही ओकणारे.

आणि सुकी? तिने पदरावरचं ओलं बोटाला घेतलं, कपाळाला लावलं, पोटाला लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सगळे दात दिसत होते.

"पावला वं! वळखला आपल्याला. आपला म्हनून खूण केली."

वाघ असाच आपली हद्द आखतो, हे मी पाचवीच्या पुस्तकातून शिकवतो. तेच सांगायला तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की ती तेच म्हणते आहे.

चाळीत हाहाकार झाला. काकूंनी आम्हाला जिन्यातच अडवलं. अंघोळ केली, पुन्हा केली, केसांतून वास जाईना. हेडमास्तर नाकाला उपरणं लावून म्हणाले, "नवनाथ, कोट ताबडतोब धोब्याकडे टाक."

सुकी पुढे झाली. "कोट नाय धुवायचा. पोर हुईपावतर नाय."

हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले. त्यांचाच कोट. शब्द त्यांचा, आणि आजवर मी तो कधी मोडला नाही.

"राहू दे सर," मी म्हणालो.

कोट गॅलरीच्या टोकाला, संडासाच्या बाजूला टांगला. थोड्याच वेळात संडासाला जाणाऱ्यांनी तक्रार केली की वास येतो. या लोकांनी! वासाची!

९ नोव्हेंबर, घरी

काल मुंबई सोडली. काकूंनी सुकीच्या ओटीत नारळ घातला आणि जाताना तिला "सुकी" म्हणून हाक मारली. कोणी सांगितलं कोण जाणे. हेडमास्तर दारात उभे होते. दैनंदिनी पाठवून दे म्हणाले. ही कशी पाठवू?

खोडाळ्याला माघ्याची बैलगाडी पाड्याकडे निघालीच होती. गाठोड्यात बांधलेला कोट मी मागे ठेवला आणि सुकीला चढवलं. बैलांनी माना वर केल्या, नाकं फेंदारली आणि जुवासकट असे उधळले की माघ्या चाकाखाली यायचा राहिला. सुकीला मीच ओढून खाली घेतलं. बैल डोळे पांढरे करून फुरफुरत होते, पुढे यायला तयार नाहीत.

"मंबईशी आनलास तरी काय, गुरुजी?" माघ्या ओरडला.

"वाघोबा!" सुकी म्हणाली. आणि हसायला लागली. भर बाजाराच्या रस्त्यात, पोटावर हात ठेवून, मी तिला कधी पाहिलं नव्हतं तशी.

माघ्या रिकामी गाडी घेऊन पुढे गेला. आम्ही चालत निघालो. कापून झालेल्या भाताच्या खाचरांवरून गार वारा सुटला होता. सुकी कुडकुडायला लागली. दुसरं पांघरूण नव्हतं. तिने स्वतःच गाठोडं सोडलं, कोट काढला आणि अंगावर घेऊन पोटापाशी नीट गुंडाळला. कुत्री लांबूनच शेपट्या पायांत घालून पळाली.

वास असह्य होता. मी वाऱ्याच्या वरच्या अंगाने, चार हात दूर चालत होतो. बरंच अंतर ती पुढे बघत चालली. मग थांबली, मागे वळून पाहिलं, कठड्यापाशी वळली होती तशीच.

मी नाक दाबलं आणि तिच्या उजव्या हाताला येऊन चालायला लागलो.